बोंडं फोडता फोडता केलेला अभ्यास

धरणगावजवळच्या आमच्या गावात मुलींना एकत्र अभ्यासाला एकच जागा होती, माझ्या मैत्रिणीचं अंगण. तेही तिच्या आईच्या अटीवर: तोंडानं हवं ते वाचा, हात थांबायला नकोत. कापसाचा हंगाम संपत आला की न उमललेली टणक बोंडं घरी आणत आणि बायका ती फोडून कापूस काढत. आम्ही बारावीच्या तिघी त्यांच्यात बसायचो. एकीनं वाचायचं, दोघींनी फोडायचं. माझ्या कापसात कचराच जास्त निघे. तिची आई म्हणे, "हिना हातमा पुस्तकच ऱ्हाऊ द्या, कापूस तरी साफ निघी." म्हणून वाचणारी बहुधा मीच. तिथं वाचून माझी जीभ वळली, त्याचे उपकार मी विसरलेले नाही.

मैत्रीण ऐकूनच शिके. इतिहासाचं पान एकदा वाचलं की बोंडावरची नजर न उचलता ते परत सांगे. घटक चाचणीत दोन-तीनच प्रश्न असत, ते ती सावकाश का होईना पुरे करी. माझ्या डोक्यात ऐकलेलं टिकत नसे. मी घरी एकटी चुलीजवळ बसून तीच उत्तरं पाटीवर लिहायची, पुसायची. तिला तशी सवड नव्हती. आणि जिला सगळं येतं तिनं लिहून पाहावं, हे आमच्यापैकी कुणाला सुचलंच नाही.

तिच्या वडिलांनी, आबांनी, सांगून ठेवलं होतं, पहिल्या खेपेला पास झाली तर जळगावला कॉलेजात घालतो, नाही तर स्थळ बघतो. वसतिगृहात एकाच खोलीत राहायचं, असं आम्हा दोघींचं ठरलेलं होतं.

मी पास झाले. ती नापास. सगळे पेपर अर्धवट राहिले होते.

मी गेले तेव्हा ती भांडी घासत होती. मान वर न करता म्हणाली, "माले बठ्ठं याद व्हतं वं, पन हातच चालना नही."

मी आबांना विनवलं, ऑक्टोबरला पुन्हा बसू द्या, तिला सगळं पाठ आहे, फक्त लिहायचा सराव हवा. त्यांनी मला चहा घ्यायला सांगितलं. पाहुणे पुढच्याच आठवड्यात यायचे होते.

जळगावला मी एकटीच गेले. आमच्या घरातली मी पहिली पदवीधर. वसतिगृहात मनातल्या मनात वाचायचा नियम होता. वाचताना माझे ओठ हलले की शेजारची डोळे वटारी.

तिला धुळ्याला दिलं. बऱ्याच वर्षांनी तिच्याकडे गेले तेव्हा तिची मुलगी दहावीला होती. मुलीनं मला गळ घातली, "मावशी, आईला सांगा ना. सगळ्या जणी मिळून अभ्यास करतात, मलाच जाऊ देत नाही."

मी काही बोलण्याआधीच मैत्रीण म्हणाली, "पहिले लिखी काढ."

मुलगी तोंड पाडून आत गेली आणि तिनं दार लावून घेतलं. घर एकदम शांत झालं. ती शांतता मैत्रिणीला बरी वाटत होती का, हे मला विचारता आलं नाही.