नऊशे चोवीस वाटण्या

इस्पितळाच्या तळघरात, मेंदूचे फोटो काढणाऱ्या यंत्राच्या भिंतीपलीकडे आकडेताईंची खोली होती. सव्वीस वर्षं त्या दुसऱ्यांच्या संशोधनातले आकडे तपासत होत्या आणि कुणाचीही भीडभाड ठेवत नव्हत्या.

यंदा प्रश्न बाराजणांचा होता. झटक्यानंतर वाचा गेलेली माणसं. चिठ्ठ्या टाकून सहाजणांना गाण्यातून बोलायला शिकवणाऱ्या वर्गात घातलं, सहाजणांना थांबवलं. मग बोलायचा प्रयत्न करताना मेंदू किती उजळतो, ते यंत्रानं मोजलं. फरक सिद्ध झाला तर वर्ग चालणार, थांबलेल्यांनाही प्रवेश मिळणार. नाहीतर वर्गाला कुलूप.

मेंदूचे डॉक्टर तोंड पाडून आले. "ताई, नेहमीची चाचणी म्हणते, फरक नाही. वर्गातले ते कंडक्टर आजोबा! अजून ‘पुढे चला’च्या पलीकडे बोलत नाहीत, आणि आकडा इतरांच्या दसपट. सगळा हिशेब त्यांनीच नासवलाय. वगळूया का त्यांना?"

"धान्यातला खडा आहेत का ते, उचलून टाकायला?" ताई कडाडल्या. "तुमची चाचणी धरून चालते की आकडे मधोमध दाटी करून बसतात. एक आकडा असा उसळला की तिला सगळेच बेभरवशाचे वाटतात. बाराजणांत कसली आलीय दाटी?"

त्यांनी कपाटावरच्या कागदाकडे बोट दाखवलं. पहिला फोटो निघायच्या आधीच त्यांनी तो चिकटवला होता: ‘वाटण्या बदलून पाहायच्या.’ वर्ग कुचकामी असेल, तर चिठ्ठ्या कशाही निघाल्या असत्या तरी प्रत्येकाचा आकडा हाच आला असता. मग बारातून सहा निवडायच्या झाडून साऱ्या वाटण्या करायच्या आणि खऱ्या वाटणीइतका फरक किती वेळा दिसतो, ते मोजायचं.

वाटण्या झाल्या नऊशे चोवीस. खरीच्या तोडीची दुसरी एकही निघाली नाही; म्हणजे हा चिठ्ठ्यांचा योगायोग नव्हता.

ताईंनी आकडे पुन्हा ओळीनं मांडले. वर्गातला सगळ्यात मागचा माणूससुद्धा थांबलेल्या सहाही जणांच्या पुढे होता. आजोबांच्या झगमगाटात ते कुणाला दिसलंच नव्हतं. इनमीन बारा माणसं, आणि इतकं स्वच्छ उत्तर! ताईंना राहून राहून नवल वाटत होतं.

पुढच्या आठवड्यात ताई मुद्दाम जिना चढून वर आल्या. थांबलेले सहाजण वर्गाच्या दारात अवघडून उभे होते. आजोबांनी त्यांच्याकडे पाहिलं. ओठ जुळवले, पुन्हा जुळवले. आता ‘पुढे चला’ म्हणणार, असं सगळ्यांनाच वाटलं.

"जागा..." आजोबा सुरात म्हणाले. "जागा आहे."