चुंबळीवरचा चेंडू

उत्तम गेल्याची बातमी आली तेव्हा माझ्या नाकाखाली डिंकाने चिकटवलेली झुपकेदार मिशी होती. आमच्या नाटकाची रंगीत तालीम चालू होती. मी सेनापती, तलवार उपसून एक लांबलचक वाक्य घेत होतो, आणि समोर दारात आमच्या कबड्डी मंडळातला बबन येऊन उभा राहिला. चपला हातात, "उत्तम गेला," एवढंच म्हणाला. मी तसाच सायकलवर टांग मारली आणि नाशिकरोडला उत्तमच्या वसाहतीत पोचलो. उत्तमच्या पायाशी बसलो. बऱ्याच वेळाने लक्षात आलं, मिशी अजून ओठावरच आहे. कोणी हसलं नाही. हसणारा त्या घरात एकच होता, आणि तो...

उत्तम ओझरच्या विमान कारखान्यात फिटर होता. तिशीसुद्धा धड उलटली नव्हती. आमच्या कबड्डी मंडळाचा तो पहिल्या चढाईचा गडी. ऐन भरात असताना त्याने कबड्डी सोडली आणि एका संध्याकाळी काखेत लांबट, टाके घातलेला चेंडू घेऊन मैदानात आला. त्याचे मामा देवळालीच्या छावणीत आचारी होते. तिथे जवानांचा रग्बीचा खेळ बघत तो वाढला होता, आणि हा जुना चेंडूही मामांनीच मिळवून दिलेला. मी मंडळाचा चिटणीस. हा कसला नारळ आणलास, म्हणून विचारलं. तो मन लावून समजावू लागला, की चेंडू घेऊन पुढे पळायचं, पण द्यायचा मात्र मागच्याला.

"हा खेळ आमच्या कचेरीत रोज चालतो," मी म्हणालो. पोरं खिदळली. सर्वांत जास्त तोच हसला.

तरी वर्षभरात त्याने पंधरा गडी जमवले. सगळे कबड्डीवाले, आणि सगळ्यांना एकच खोड. चेंडू हातात आला की एका दमात 'कबड्डी कबड्डी' सुरू. उत्तम ओरडायचा, "श्वास घे रे, इथं दम तुटला तरी कुणी बाद देत नाही." रोज संध्याकाळी ती हाक वसाहतभर घुमायची. त्याची आई, आमच्या जनामावशी, भाकरी थापता थापता ऐकायच्या.

मग त्याने मुंबईच्या एका संघाला गळ घालून देवळालीत सामना ठरवला. पिंपळगावच्या द्राक्षवाल्याचा टेम्पो मिळाला, त्यात कोंबून आम्ही गेलो आणि यथेच्छ मार खाल्ला. शेवटी शेवटी चेंडू बबनच्या हाती लागला आणि तो सुटला. एकाला हूल दिली, दुसऱ्याच्या काखेखालून निसटला, तोंडाने अखंड कबड्डी. पलीकडची रेषा ओलांडून चेंडू जमिनीला टेकवला की गुण मिळतो. बबनने रेषा ओलांडली, तिकडे पाय आपटला, आणि गर्रकन वळून आल्या वाटेने परत पळत सुटला. मधली रेष पार करून आमच्या बाजूला आला तेव्हाच त्याने श्वास सोडला आणि टाळ्यांची वाट बघत उभा राहिला. चढाईला गेलेल्याने परत यायचं असतं, हे हाडात मुरलेलं. मुंबईकर बघतच राहिले.

उत्तम हसता हसता खाली बसला. आम्हीही पोटं धरून हसत होतो. आमचं हसणं थांबलं तरी तो उठेना. ओठ निळसर झाले होते.

परतताना टेम्पोत, रिकाम्या करंड्यांना टेकून, त्याने मला हळूच सांगितलं. लहानपणी सांधे सुजून ताप यायचा, त्यात हृदयाची झडप खराब झाली होती. "कबड्डीत दम पुरेना, दादा. इथं पळताना श्वास तरी घेता येतो."

आणि आम्ही समजत होतो, याला नव्या खेळाचं खूळ लागलंय...

त्यानंतर तो खेळला नाही. कडेला उभा राहून तीच हाक द्यायचा, दिवसेंदिवस बारीक आवाजात. मुंबईला ऑपरेशन ठरलं होतं. त्याआधीच एका सकाळी, कामावर निघताना, बुटाची नाडी बांधायला बसला तो उठलाच नाही.

गेल्या रविवारी मावशींकडे गेलो. पिठाच्या डब्याशेजारी तो चेंडू होता. जमिनीवर ठेवला की गडगडतो, म्हणून मावशींनी हंडा डोक्यावर घेताना लागणारी आपली चुंबळ त्याच्याखाली दिलेली. उत्तम असल्यापासून चेंडूची जागा तीच. चहा झाला. मग मावशी म्हणाल्या, "ते बबनचं काय झालं होतं? उत्तम सांगायला बसायचा, पण हसू यायचं आणि धाप लागायची. गोष्ट कधी पुरी झालीच नाही. तुम्ही सांगा."

सांगायचं काय, करूनच दाखवलं. चेंडू काखेत घेतला, एका दमात कबड्डी म्हणत चुलीपासून उंबऱ्यापर्यंत गेलो, बाहेर पाय आपटला आणि वळून परत आलो. मावशी पदर तोंडाला लावून हसल्या. डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या. मग पदराने डोळे पुसत म्हणाल्या, "त्यात चुकलं काय त्याचं? गेला होता, परत आला. बरोबरच केलं की बबननं."

मी चेंडू चुंबळीवर ठेवला. तो नीट बसला तरी माझे हात तिथून निघेनात.

"श्वास घ्या आता, भाऊ," मावशी म्हणाल्या.