सटवाईचा शेंदूर

आमच्या गावाबाहेर पडक्या देवळात सटवाईची मूर्ती आहे. मूर्ती म्हणजे आम्हाला माहीत होता तो शेंदराचा गोळाच. बाळंतीण सव्वा महिन्याची झाली की लेकरू घेऊन तिथं जाते, तेलात कालवलेला शेंदूर देवीला लावते, त्या ओल्या शेंदरात हिरव्या बांगडीचा तुकडा दाबते आणि लेकरू तिच्या पायाशी ठेवते. माझी पहिली दोन लेकरं राहिली नाहीत. तिसरी मुलगी राहिली. तिच्या वेळचा तुकडा मीही दाबला होता.

दोन वर्षांमागं सरकारी माणसं देऊळ दुरुस्त करायला आली. रोजानं बाया लावल्या, त्यांत मी होते. बाकीच्या दगडमाती उचलत. मला मोठ्या साहेबांनी आत बसवलं. कापूस, एका बाटलीत औषध आणि बांबूची पातळ काडी दिली. शेंदूर औषधानं भिजवायचा, मऊ झाला की काडीनं हळूहळू सोडवायचा, खालच्या दगडाला ओरखडा उठता कामा नये. लोखंड जवळ आणायचं नाही. दोन दिवसांनी साहेब म्हणाले, "तुमचा हात फार हलका आहे." मला असं कोणी कधी म्हटलं नव्हतं.

शेंदूर काढायचा म्हणजे काय काढायचं, हे मला पहिल्याच दिवशी कळलं होतं. मी बोलले नाही. मला चार माणसांत बोलता येत नाही, हे खरं आहे. पण तेव्हा मी नुसती लाजून गप्प बसले, असं लिहिलं तर ते खोटं होईल. मला ते काम हवं होतं.

वरचा थर नारंगी, त्याखाली तांबडा, मग काळपट. पापुद्र्यांमध्ये बांगड्यांचे तुकडे निघाले, सगळे हिरवे, सगळे सारखे. माझा कोणता, ते ओळखू आलं नाही. शेजारची म्हातारी एकदा दारात येऊन म्हणाली, "काऊन वं, देवीची साल सोलून राह्यली का?" बाहेरच्या बाया हसल्या. मी मान खाली घालून काडी चालवत राहिले. निघालेला शेंदूर साहेबांनी पोत्यात भरायला लावला आणि पोतं मलब्याच्या ढिगावर गेलं. निदान ते नदीत सोडू द्या, एवढंही मला मागता आलं नाही.

शेवटी चेहरा निघाला. नाक फुटलेलं, पण डोळे, हनुवटी, कानातली फुलं जशीच्या तशी. सगळ्यांच्या आधी तो मी पाहिला आणि मला आनंद झाला. देवळाच्या कमिटीनं सिमेंटचं नाक बसवा म्हणून हट्ट धरला. साहेबांनी साफ नाही म्हटलं. आम्ही पदरचं काही घालत नाही, जुनं आहे तेच राखतो, म्हणाले. घालत नाही, पण काढता तर खरं, असं मला म्हणायचं होतं. आता वहीत म्हणते आहे.

मग लोखंडी कठडा आला, बोर्ड आला. बोर्डावर देवीचं नाव आहे, पण ते सटवाई नाही. खाली तेल, शेंदूर आणि हात लावायला मनाई लिहिली आहे.

यंदा मुलगी मोताळ्याहून बाळंतपणाला आली. सव्वा महिना झाला तशी तिनं डबीत शेंदूर कालवला. जाऊ नको, असं मला म्हणता आलं नाही; मीही सोबत निघाले. देवळातला वॉचमन सुलतानपूरचा, भला माणूस. त्यानं हात जोडले. "लांबूनच पाया पडा, ताई. मह्या नोकरीचा सवाल हाये."

मुलगी कठड्याशी उभी राहिली. म्हातारीनं तिला सगळं सांगितलं होतं, हे मला तेव्हा समजलं. ती माझ्याकडे न बघता म्हणाली, "मले हात लावाची मनाई हाये. तुले काऊन नव्हती, आई?"

ती डबी तशीच घेऊन मागं फिरली.

परतताना ती आमच्या शेताच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, थांबली. एक उभट दगड उचलून पदरानं पुसला, लिंबाच्या बुंध्याशी रोवला. त्याला शेंदूर लावला, बांगडीचा तुकडा दाबला, लेकरू समोर ठेवलं. मी जवळ गेले. म्हटलं, मी पण एक बोट लावू का वं?

"राहू दे," ती म्हणाली आणि डबीचं झाकण लावलं.