एकटी कुडी

मुलांनो, तुमच्या सानूताईने प्रयोगशाळेतून एक छोटी फिल्म पाठवली आहे. यीस्टच्या लांबट पेशीत केंद्रकाचा हिरवा ठिपका या टोकाकडून त्या टोकाकडे सारखा धावतो आहे.

"कोण पळवतंय गं त्याला?" मी फोनवर विचारलं.

"मोटर प्रथिनं, आजी. ती धाग्यांना धरून केंद्रक खेचतात. बीजाणू होण्याआधी आईकडच्या आणि बाबांकडच्या गुणसूत्रांच्या जोड्या जुळाव्या लागतात. असं हलत राहिलं की जोडीदार सापडतो."

"म्हणजे मी कुड्यांची डबी हलवते तसंच!"

"तुझी डबी तर लावलेलीच असते. हलवायची वेळ येते कधी?" ती हसली.

येते. मागच्या खेपेला तिची मोत्याची एक कुडी इथे राहिली आणि दुसरी तिच्याबरोबर गेली. "राहू दे, आले की घेईन," म्हणाली होती.

पेशी एवढीशी असते, जोडीदार तिच्या आतच असतो. खेचणाऱ्याने फक्त थांबायचं नसतं. माझ्या डबीत मात्र तो नाहीच, हे मला ठाऊक आहे. तरी आज डबी उघडून मी ती बराच वेळ हलवली. मग सगळ्या कुड्या जोडीने लावल्या आणि त्या एकटीच्या शेजारची जागा मोकळी ठेवली.