वाव्हळे गुरुजींचा डावा कान

आमच्या गावाचं नाव मी इथं लिहीत नाही. झरीपासून दोन कोसांवर आहे, एवढं पुरे. गावाला लाज वाटेल असं काही नाही, ती त्यानं कधीच ओढ्यात सोडून दिली. लाज मला वाटते.

सूर्यभान वाव्हळे हे सेलू तालुक्यातल्या एका खेड्यात शाळामास्तर होते. अंगानं बारीक, पांढरा पायजमा, पायात कॅनव्हासचे बूट, आणि गळ्यात काळ्या दोऱ्याला अडकवलेली शिट्टी. छप्पन साली त्यांचं घर बौद्ध झालं. आमच्या गावाच्या लेखी ते साल उगवलंच नव्हतं. गावातल्या बड्या लोकांनी माणूस बघितला की आधी त्याची आळी विचारायची आणि मग त्याला पाणी कशातून द्यायचं ते ठरवायचं.

रविवारी आणि सुट्टीत गुरुजी कबड्डीचे पंच असत. त्यांची तऱ्हा निराळी होती. बाकीचे पंच मधल्या रेषेवर खांबासारखे उभे राहून शिट्टी फुंकायचे. गुरुजी मात्र चढाई करणाऱ्या गड्याच्या बाजूनं कमरेत वाकून पळायचे, डावा कान त्याच्या तोंडाकडं करून. चढाई करणाऱ्यानं एका दमात ‘कबड्डी कबड्डी’ म्हणत समोरच्या अंगणात जायचं आणि त्याच दमात परत यायचं. मध्ये श्वास घेतला की दम तुटला, गडी बाद. आमच्याकडचे जुने हुतूतूवाले चोरदम शिकवायचे. तोंडानं शब्द चालू ठेवायचा आणि नाकातून घोटभर वारा हळूच ओढून घ्यायचा. ही विद्या मला माझ्या चुलत्यानं, किशनरावांनी, आमच्या खळ्यावर शिकवली होती. मी तिच्यात इतका पटाईत झालो होतो की लोक म्हणायचे, भुजंगाच्या पोटात भाता हाय. गुरुजींच्या डाव्या कानातून मात्र असा घोट सुटत नसे, म्हणून चांगले संघ त्यांना मानायचे आणि लबाड संघ त्यांना टाळायचे. आम्ही कुठल्या जातीचा संघ होतो ते सांगायला नको.

चौऱ्याहत्तर साली महाशिवरात्रीच्या जत्रेत आमचा शेवटचा सामना झरीशी होता. आदल्या वर्षी पंच म्हणून किशनरावांचा मेहुणाच होता, आणि त्यानं काय दिवे लावले ते सगळ्या पंचक्रोशीला माहीत होतं. झरीवाल्यांनी निरोप धाडला, वाव्हळे गुरुजी पंच असतील तरच येतो. न खेळता जत्रेची ढाल घेतली तर लोक तोंडावर हसले असते. म्हणून किशनरावांनीच माणूस पाठवून गुरुजींना बोलावलं आणि चारचौघांत म्हणाले, "मानूस नेक हाय. कुनाच्या बापाचं ऐकत न्हाई."

सकाळी पंचांचा मान करायची आमच्याकडं रीत आहे. रेषेवरच्या दोघा पंचांना किशनरावांनी स्वतःच्या हातानं फेटे बांधले. गुरुजींची पाळी आली तेव्हा टॉवेल, टोपी, नारळ बाकड्यावर ठेवला आणि चार पावलं मागं सरून म्हणाले, "घ्या मास्तर." गुरुजींनी एकदा बाकड्याकडं, एकदा आमच्याकडं बघितलं. सगळं उचलून पिशवीत घातलं आणि म्हणाले, "चला, खेळ सुरू करू." तेव्हा मला त्यात काही वावगं दिसलं नाही. हेही लिहून ठेवतो.

शेवटच्या मिनिटाला दोन्हीकडं गुण सारखे. चढाई माझी. मी दोघांना शिवलो, वळलो, आणि मधली रेषा हातभर राहिली असताना छाती रिकामी झाली. मी चोरदम घेतला. घेतला म्हणजे घेतलाच. माझ्या बाजूनं गुरुजींचे बूट धूळ उडवत होते. रेषा ओलांडून मी हात वर केला, ढोल वाजला, आणि त्याच क्षणी शिट्टी वाजली. गुरुजींनी हात उचलला आणि मला मैदानाबाहेरची वाट दाखवली. "दम तुटला. बाद. गुण झरीला."

ढोल थांबला. किशनराव सुताच्या दोरीखालून आत आले. ते पळत आले नाहीत, सावकाश आले, धोतराचा सोगा सावरत. "काय म्हनलास मास्तर?"

"दम तुटला म्हनलो, किशनराव. मी ऐकलं."

"ऐकलं? ह्या कानानं ऐकलं व्हय?" आणि त्यांनी उघड्या पंजानं गुरुजींच्या डाव्या कानावर अशी लगावली की तो आवाज देवळापर्यंत गेला. गुरुजी पडले. मग काय, पडलेल्याला मारायला आमच्या गावात शूरांची कधी वाण नव्हती. एरवी बांधावरून एकमेकांची डोकी फोडणारे भाऊभाऊ त्या दिवशी एका जागी लाथा घालत होते. मी रेषेवर कमरेवर हात ठेवून धापा टाकत उभा होतो. ‘थांबा, तुटला होता दम’ एवढे चार शब्द म्हणायचे होते. कबड्डी कबड्डी म्हणत दोनदा मैदान फिरून येणाऱ्या माझ्या छातीत चार शब्दांपुरतं वारं नव्हतं.

झरीच्या गड्यांनी गुरुजींना ओढून काढलं आणि बैलगाडीत घातलं. कानातून रक्त येत होतं. किशनरावांनी गुरुजींच्या मागं राहिलेल्या पिशवीतला नारळ काढून घेतला, महादेवाच्या पायरीवर फोडला आणि पहिला तुकडा माझ्या हातावर ठेवला. मी खाल्ला. गोड होता.

आठ दिवसांनी पंचांच्या मंडळाचा एक माणूस चौकशीला आला. आमच्या लोकांनी चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात तसा कागद तयार ठेवला होता. पंचाला मुळातच कमी ऐकू येतं, त्यानं चुकीचा निकाल दिला, त्यामुळं लोक भडकले. मारून बहिरं केलं आणि बहिरा होता म्हणून मारलं असं लिहिलं! त्या माणसानं मला विचारलं, "दम तुटला होता का?" किशनराव माझ्या मागं उभे होते. मी म्हणालो, "न्हाई." आणि खाली सही केली. सामना रद्द झाला, ढाल आमच्याच चावडीवर राहिली, आणि वाव्हळे गुरुजींचं नाव पंचांच्या यादीतून कायमचं गेलं. ज्याला ऐकू येत नाही, त्यानं दम काय ऐकायचा? मंडळाचं म्हणणं बिनतोड होतं.

पुढची तीन वर्षं मला जेवण गोड लागलं नाही. लग्न झालं, मूल झालं, माणसं मला ‘ढालवाला भुजंग’ म्हणू लागली, आणि दर वेळी ते ऐकलं की खोबऱ्याची चव तोंडात यायची.

सत्त्याहत्तरच्या उन्हाळ्यात देवगाव फाट्यावर मला गुरुजी दिसले. चहाच्या हॉटेलाबाहेर बाकड्यावर बसले होते, शेजारी त्यांची बायको पंचफुलाबाई. गळ्यात शिट्टी नव्हती. भर दुपार होती, एसटीला वेळ होता. मी जाऊन त्यांच्याजवळ बसलो आणि मान खाली घालून सगळं सांगितलं. चोरदम, सही, नारळ, सगळं. गुरुजी रस्त्याकडं बघत राहिले.

पंचफुलाबाई म्हणाल्या, "त्या अंगाला बसून काय बोलायलाय? त्या कानात काईच जात न्हाई. इकडून बोला."

मी उठून उजव्या बाजूला गेलो आणि पुन्हा सांगितलं. पहिल्यांदा सांगणं सोपं होतं, दुसऱ्यांदा जीभ उचलेना. गुरुजींनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग म्हणाले, "हे मला कशाला सांगायलाय, भुजंगराव? मी तर तवाच ऐकलं होतं. ज्यान्ला ऐकू आलं न्हाई त्यान्ला जाऊन सांगा."

"माझं चुकलं, गुरुजी. माफ करा."

गुरुजींनी पिशवी मांडीवर घेतली. पंचफुलाबाईच बोलल्या. "तीन वर्सं झाली. शाळंत पोरं मागून हाक मारत्यात आन् ह्यान्ला कळत न्हाई, पोरं हासत्यात. आन् तुमी आता माफी मागायलाय. जा तुमी." एसटी आली, ते दोघं चढले. खिडकीतून त्यांनी वळून बघितलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी चावडीवर गेलो. किशनराव होते, त्यांच्या बरोबरीचे दत्तराव होते, आणखी दहाबारा जण चावडीपुढच्या पारावर बसले होते. मी ढालीखाली उभा राहिलो आणि मोठ्यानं म्हणालो, "त्या दिवशी माझा दम तुटला होता. गुरुजींचा निकाल बरोबर होता. मी खोटं बोललो."

मला वाटलं होतं, आता गाव पेटेल. मारतील, निदान वाळीत टाकतील. मी त्याचीही तयारी करून गेलो होतो. दत्तराव तंबाखू मळत होते, ते मळतच राहिले.

किशनराव म्हणाले, "बरं, मग?"

"मग म्हंजी? दम तुटला होता, काका."

"आरं, तुला चोरदम शिकिवला कुनी? तुजी नाकपुडी कवा फुगती ते मला ठावं न्हाई व्हय? मला दिसलं, दत्तरावला दिसलं. समद्यांनीच बघितलं."

"मग मारलं कशाला?"

ते माझ्याकडं बघत राहिले, काय बावळट पुतण्या पदरी पडलाय अशा नजरेनं. "भर जत्रंत, महादेवाम्होरं, त्यानं हात वर करून तुला भायेर काढलं. त्यानं. आन् तू इचारतोस कशाला?"

पारावर सगळे हसले. दत्तराव तर तंबाखू सांडेपर्यंत हसले. तीन वर्षं मी समजत होतो की माझ्या खोट्यापायी गाव फसलं आणि एका माणसाचा कान गेला. माझ्या खऱ्याची त्यांना तेव्हाही गरज नव्हती आणि आताही नव्हती. मी ते चार शब्द मैदानात ओरडून सांगितले असते तरी किशनरावांचा हात थांबला नसता. पण गुरुजींना पडता पडता ते ऐकू आले असते. त्यांचा डावा कान तेव्हा शेवटचं ऐकत होता, आणि त्यात आमच्या गावाच्या शिव्याच गेल्या.

"बस खाली, चहा घे," किशनराव म्हणाले.

चहा आला. मी तो घेतला नाही. एवढीच काय ती माझी मर्दुमकी.