दोष कोळंबीला दिला

आत्ताच आम्ही घाटकोपरच्या दवाखान्यातून घरी आलोय. कोणाला तरी सांगायला हवं, म्हणून इथे लिहितेय.

माझ्या वहिनीला आठ दिवसांपूर्वी मुलगी झाली. बाळाच्या टाचेतून घेतलेल्या रक्ताचा रिपोर्ट आज डॉक्टरांनी समोर बसवून सांगितला. मूत्रपिंडावरच्या ग्रंथीत एक हार्मोन बनतच नाही, त्यामुळे अंगातलं मीठ निघून जातं. औषध रोज, जन्मभर. पण वेळेवर कळलंय, मुलगी नीट वाढेल.

मग त्यांनी विचारलं, आधी एखादं बाळ गेलंय का?

गेलंय. चार वर्षांपूर्वी, बारशाच्या आदल्या दिवशी. उलट्या करून करून सुकून गेलं. तेव्हा ही टेस्ट कोणी केलीच नव्हती. वहिनीने कोळंबी खाल्ली, तिचं दूध बाधलं, असं आमच्या घरात ठरलं. शेवटचे दोन दिवस आम्ही तिला बाळाला पाजूही दिलं नाही.

डॉक्टर म्हणाले, "हा आजार आई आणि बाप, दोघांकडून येतो. आधीच्या बाळालाही बहुतेक हेच होतं."

दादा फरशीकडे बघत राहिला. वहिनीने एकच विचारलं, "म्हणजे कोळंबीने नाही ना होत?"

"नाही."

दादा औषधं आणायला गेला. रिक्षात आई वहिनीला म्हणाली, "तरी पण या वेळी खाऊ नकोस गं."

कोळंबीचं पहिल्यांदा मीच बोलले होते. चार वर्षं वहिनी मला कोळंबीचं कालवण वाढते आणि स्वतः घेत नाही.

आज जेवायला बसल्यावर मी तिला काय बोलू, सांगाल?