आईची कॉफी मोफत

मातृदिनाच्या दिवशी आईला घेऊन येणाऱ्यांना चौकातल्या एका मोठ्या कंपनीच्या कॉफीच्या दुकानात एक कॉफी मोफत होती. अशा कंपन्यांना एरवी मी नावं ठेवते, तरी त्या दिवशी आईला घेऊन रांगेत उभी राहिले.

काउंटरवरच्या मुलीनं आईच्या हातात गुलाब दिला. "हॅपी मदर्स डे, आई."

आई हरखली. "तुझी आई कुठे असते गं?"

"गावी असते, काकू. आज जायचं होतं, पण गर्दीचा दिवस म्हणून सुट्टी नाही मिळाली." एवढं बोलून ती मागच्या बाईंकडे वळली आणि त्याच गोड आवाजात म्हणाली, "हॅपी मदर्स डे, आई."

आम्ही कप घेऊन बसलो. शेजारच्या टेबलावरचे गृहस्थ फोटो काढत बायकोला सांगत होते, "एवढी मोठी कंपनी, पण माणुसकी आहे यांच्यात."

मी कप खाली ठेवला. "तिला आज सुट्टी दिली नाही, मी तक्रारच करते कंपनीकडे," मी म्हणाले.

"नको," आई म्हणाली. "त्या पोरीलाच बोलणी बसतील."

खरंच होतं ते. कंपनीची स्तुती थेट वरपर्यंत पोचते. राग मात्र काउंटरपाशीच थांबतो, आणि तिथे ती मुलगी उभी असते. मी कप पुन्हा उचलला.